तीन नंबरच्या दारातलं गेट

संयोगिता देसाईचा आवाज गोकुळ शिरगावच्या त्या काजूच्या गोदामात आधी पोचायचा, बाई मागनं यायची. फाटकापाशी स्कूटी लावता लावताच कुणाची तरी खरडपट्टी सुरू झालेली असायची. ट्रकवाल्यानं गाडी तिरकी लावली, वॉचमननं चहाचे कप कट्ट्यावर तसेच ठेवले, कुणी ट्रॉली उन्हात सोडली. तिला कारण शोधावं लागत नसे. नव्या माणसाला वाटायचं, ही घरात भांडून आली असणार. जुनी माणसं त्याला सांगायची, "न्हाय ओ पावणं, आज तिचं डोस्कं थंड हाय."

हा राग तिनं आजऱ्याहून आणला होता. तिचे वडील गणपतराव तिथं एका काजूच्या कारखान्यात तोलाईला होते. शेठ वजनात मारायचा, गणपतरावांना ते दिसायचं, आणि ते गप बसायचे. वजन कमी भरलं म्हणून शेतकरी बोंब मारायचा तेव्हा शिव्या मात्र काट्यापाशी उभ्या असलेल्या गणपतरावांना बसायच्या. संध्याकाळी घरी येऊन तो माणूस मान खाली घालून भाकरी कुस्करत बसायचा. पोरीनं ते सगळं बघितलं आणि मनाशी पक्कं केलं, आपण गप बसायचं नाही. गारगोटीत डिप्लोमा करून ती कोल्हापूरला आली ती तोंड उघडं ठेवूनच.

गोदामात तिला माणूस म्हणून पहिल्यांदा भेटली ती शालूबाई. माल चढवणाऱ्या बायकांच्या टोळीची ती मुकादम. नेसरीकडची, थोराड अंगाची, बोलायला कमी आणि कामाला वाघीण. संयोगिता तेव्हा उचगावात भाड्याच्या खोलीत राहायची आणि दुपारी वडापाववर भागवायची. शालूबाईनं दोन-तीन दिवस बघितलं, मग आपला डबा तिच्या टेबलावर आदळला. "खा मुकाट्यानं. वाळून काटूक झालीयास." तेव्हापासून शालूबाईच्या डब्यात एक भाकरी जादा यायला लागली. संयोगिता माल रवाना करण्याची इनचार्ज झाली, लग्न होऊन तिच्या स्वतःच्या घरात चूल पेटली, तरी ती भाकरी काही थांबली नाही.

आता गोदामाचं दुखणं असं, की माल दारातनं जायचा आणि आकडा वाटेत बदलायचा. पुण्याचा व्यापारी फोन करायचा, टिन कमी आले. नागपूरचा म्हणायचा, दुसऱ्याच प्रतीचे आले. मोजणी पेनानं व्हायची, दिवाळीच्या आधी तीन दारांना तीन ट्रक लागायचे, आणि घोळ झाला की मालक गुरुप्रसादशेठची नजर पहिल्यांदा टोळीकडं वळायची. बोलायचा काही नाही. नुसता बघायचा. त्या नुसत्या बघण्यानं संयोगिताचं टाळकं सरकायचं. तिला काट्यापाशी मान खाली घालून उभे असलेले वडील दिसायचे.

म्हणून गेटचं खूळ तिनंच काढलं. हल्ली मोठ्या गोदामांच्या दारात बसवतात तसलं गेट. प्रत्येक टिनावर एक टॅग, टॅगमध्ये बारीक चिप. दाराच्या दोन बाजूंना दोन खांब, खांबांवर अँटेना. टिन मधनं गेला की अँटेनाच्या लहरी चिपला हाक मारतात, चिप आपला नंबर सांगते, वर बसवलेला रीडर तो टिपतो आणि पडद्यावर आकडा चढतो. ना पेन, ना बोट, ना कुणाची नजर. "मावशी, हे गेट बसू दे," ती शालूबाईला म्हणाली, "परत तुमच्याकडं कोण वाकड्या डोळ्यानं बघणार न्हाय. शब्द देते."

शालूबाई म्हणाली, "बघू की."

पहिला विक्रेता पुण्याहून आला. इस्त्रीचा शर्ट, बोलण्यात साखर. त्यानं आपले पुठ्ठ्याचे रिकामे खोके आणले होते. ते ट्रॉलीवर घालून दारातनं नेले, पडद्यावर आकडा बरोबर आला, गुरुप्रसादशेठनं मान डोलावली. संयोगितानं आतनं काजूनं भरलेले टिन आणायला लावले. "आमचा माल पत्र्यात असतोय, पावणं. ह्ये वाचून दाखवा." पत्र्यावर चिकटवलेले त्याचे टॅग जणू झोपी गेले. दहा गेले की दोन दिसायचे. पुणेकर म्हणाला, आम्ही नंतर सेटिंग करून देऊ. ती म्हणाली, "नंतर मी कुठं शोधत फिरू तुमाला? ज्या मालासाठी घ्यायचं तो माल न बघताच विकायला आलाय व्हय?" तो गेला तो गेलाच.

दुसरा मुंबईचा. त्याच्या अँटेना ताटाएवढ्या, रीडरची ताकद फुल्ल. टिन दारात यायच्या आधीच आकडा पळायला लागला. शेठ खूश. "जोर हाय की ह्याच्यात." संयोगितानं पडदा नीट बघितला आणि तिच्या कपाळाची शीर उठली. शेजारच्या दोन नंबरच्या दारात दुसऱ्या गाडीसाठी लावून ठेवलेला माल त्या गेटनं मोजून टाकला होता. जागचा न हललेला माल यंत्रानं पाठवून दिला होता. "शेठ, ही काय तालीम न्हाय जोर बघायला," ती म्हणाली. "आपल्या दारातला तेवढाच माल दिसला पायजे."

तिसरा माणूस सांगलीचा, सावकाश बोलणारा. त्यानं आधी गोदाम फिरून बघितलं, मग पिशवी उघडली. पत्र्यासाठी वेगळे टॅग, पत्र्यापासून जरा उचलून बसणारे. अँटेना अशा, की टॅग आडवा जावो, उभा जावो, तिला फरक पडू नये. लहरींची फेक आखूड, म्हणजे शेजारच्या दारात डोकावायला नको. रीडरची ताकद बेतानं. शालूबाईची टोळी दुपारभर डोक्यावर टिन घेऊन त्या दारातनं ये-जा करत राहिली, तो आणि संयोगिता पडदा बघत राहिले. काही टिन चुकत होते. बाई मध्ये आली की तिच्या पलीकडच्या बाजूचा टिन दिसत नव्हता.

"असं होणारच," तो म्हणाला. "पत्रा लहरी परतवतो, पाणी लहरी पितं. आणि माणूस म्हणजे पाणीच की. डोक्यावरनं नेऊ नका, ट्रॉलीवरनं न्या." शिवाय त्यानं सांगून ठेवलं, टॅगवर कुणी चांदीचा कागद लावला, आपण पोळी गुंडाळतो तसला, तर टॅग मुका होतो. चोरी करणारे असं करतात.

गेट ठरलं ते हेच. शेठला महाग वाटलं, तेव्हा तिनं भर ऑफिसात त्याच्याशी असं भांडण काढलं की बाहेर ट्रकवाले टाळ्या द्यायला लागले. तीन नंबरच्या दारात, दिवाळीचा सगळा माल आता जिथनं न्यायचा ठरलं तिथं, खांब उभे राहिले. आकडे जुळायला लागले. पुण्याचा फोन बंद झाला, शेठचं बघणं बंद झालं. संयोगिता रोज सकाळी आपल्या हातानं अँटेनावरची धूळ पुसायची, खांबाला कुणी टेकलं तर हाडहूड करायची. "माझं गेट खोटं बोलत न्हाय," हे ती दिवसातनं इतक्या वेळा म्हणायची की बायका तिच्या पाठीमागं तिची नक्कल करायच्या.

अशात खंडेनवमी आली. कोल्हापुरात त्या दिवशी हत्यारापासनं हिशेबाच्या कॉम्प्युटरपर्यंत सगळ्यांची पूजा होते, मग गेटची का नको? संयोगिता रविवारी आजऱ्याला गेली होती. येताना आईच्या परसातले केळीचे चार खुंट नवऱ्याच्या गाडीच्या डिकीत घालून आली, मांडीएवढे जाड आणि ताजे. दोन्ही खांबांना तिनंच ते सुतळीनं आवळून बांधले, आत अँटेना, तिच्यावरनं केळ. वर झेंडूच्या ओल्या माळा, हळद-कुंकू, नारळ. त्या दिवशी गेटला विश्रांती. शालूबाईनं लांबनं हात जोडले आणि म्हणाली, "नवरदेव दिसतोय की ग तुझा खांब." सगळ्या हसल्या, संयोगिताही हसली.

दसऱ्याला सकाळी मुहूर्ताची पहिली गाडी. ही गाडी वेळेत फाटकाबाहेर पडली की वर्ष चांगलं जातं, अशी शेठच्या घराण्याची समजूत. बायका नवी लुगडी नेसून आलेल्या. ट्रॉल्या पळायला लागल्या, आणि थोड्या वेळानं शालूबाई येऊन म्हणाली, "झालं ताई. गाडीचा समदा माल चढला."

संयोगितानं पडदा बघितला. आकडा मागं होता, थोडाथोडका नाही.

"कमी हाय मावशी. अजून आणा."

"कमी कशानं? माझ्या हातानं चढवलंय."

"पडदा कमी दाखवतोय. आणा म्हणते न्हवं."

शालूबाईनं तिच्याकडं बघितलं आणि ट्रॉली वळवली. अजून टिन गेले, अजून गेले. आकडा रडतखडत वर चढत होता. शेवटी ड्रायव्हर खाली उतरला आणि म्हणाला, म्याडम, गाडीत आता टिन काय, टाचणी बसायची न्हाय. मुहूर्त तर कधीच गेला होता. गुरुप्रसादशेठ जरीचा फेटा बांधून आला होता. त्यानं फेटा काढून टेबलावर ठेवला आणि गाडी खाली करून मोजायला सांगितली.

गाडीत बिलापेक्षा कितीतरी जास्त टिन निघाले.

"म्हंजे एवढे टिन," शेठ सावकाश म्हणाला, "गेटला न दिसता गाडीत गेले." आणि त्यानं टोळीकडं बघितलं. तेच ते जुनं बघणं.

खरं तर त्याच क्षणी संयोगिताचा राग त्या नजरेवर तुटून पडायला हवा होता. इतकी वर्षं तो तिथंच पडत आला होता. पण त्या दिवशी तो भलतीकडं वळला. तिच्या डोक्यात एकच घण पडत होता: गेट खोटं बोलत नाही, मग कोण बोलतंय? तिला चांदीचा कागद आठवला. मी ह्यांच्यासाठी भांडले, मालकाच्या अंगावर गेले, आणि ह्या माझ्याच गेटला फसवतात? ती अशी भडकली की तिला समोरचं माणूस दिसेना.

"डबे उघडा," ती ओरडली. "सगळ्यांनी. हितंच, माझ्यासमोर."

 बायका एकमेकींकडं बघत राहिल्या. मग शालूबाईच पुढं झाली. तिनं फडकं सोडलं, डबा उघडला, डब्याचे कप्पे बाजूला काढून ठेवले. भाजी, भात, आणि चांदीच्या कागदात गुंडाळलेलं काहीतरी.

"ह्ये काय मावशी?"

"उघडून बघ."

आत पुरणाच्या पोळ्या होत्या, अजून कोमट.

"सून म्हटली, त्या कागदात ऊन ऱ्हातात," शालूबाई म्हणाली. "तुझ्यासाठी आणल्यात."

संयोगितानं पोळ्या टेबलावर ठेवल्या. तेवढ्यात शेठनं तो कागद दोन बोटांनी उचलला आणि म्हणाला, "कागद तर सापडला." तेव्हा तिनं बोलायला हवं होतं. पण रागात माणूस एकदा एका बाजूनं उभं राहिलं की लगेच पाय काढता येत नाही, आणि ती गप बसली. आजऱ्याच्या काट्यापाशी गणपतराव बसायचे तशीच. शेठनं टोळी बंद केल्याचं सांगून टाकलं. उद्यापासनं दुसऱ्या बायका. शालूबाईनं डब्याला झाकण लावलं. पोळ्या टेबलावरच राहिल्या. ती फाटकाकडं निघाली आणि सगळी टोळी तिच्या मागनं गेली.

दुपारी गोदाम ओकंबोकं होतं. संयोगिता स्वतःच टिन उचलून ठेवत होती, आदळत होती, मनातल्या मनात जगाला शिव्या घालत होती. तीन नंबरच्या दारात तिचा पाय सटकला. खाली बघते तर फरशी ओली. केळीच्या खुंटाच्या कापल्या बुंध्यातनं पाणी झिरपून खांबाभोवती थारोळं झालं होतं, चिकाचे काळे डाग पडले होते. ती तिथंच उभी राहिली. परसात केळ तोडली की विळ्यावरनं कसं पाणी गळतं हे तिला काय कुणी सांगायला पाहिजे होतं? पाणी लहरी पितं, हे त्या सांगलीकरानं तिच्या तोंडावर सांगितलं होतं. बायकांच्या अंगातलं पाणी तिला कळलं, त्यांच्या डोक्यावरचे टिन तिनं उतरवले, आणि पाण्यानं ठासून भरलेले चार खुंट स्वतःच्या हातानं अँटेनासमोर आवळून बांधले.

तिनं एक ट्रॉली भरली आणि दारातनं ढकलली. पडद्यावर निम्मेही टिन आले नाहीत. तिनं विळा घेतला आणि सुतळी कापायला लागली. शेठ धावत आला. "अगं, काय करतीस? पूजेचे खुंट हायत. दसरा हाय आज, अपशकुन हुईल."

"अपशकुन सकाळी झालाय शेठ. मीच केलाय." खुंट धाडकन फरशीवर पडले, माळा तुटल्या, झेंडू पसरला. तीच ट्रॉली तिनं परत दारातनं नेली. एकूण एक टिन पडद्यावर आला. तिनं पडद्याकडं बोट दाखवलं आणि दातओठ खात म्हणाली, "बघा. नीट बघा. तुमचं बघणं लई चांगलं हाय न्हवं?"

शेठ खजील झाला. डोकं खाजवत म्हणाला, "मग मिटलं की. फोन करून उद्या बोलव त्यास्नी."

तेव्हा मात्र ती फुटलीच. "फोन? चोर म्हणताना फोनवर म्हटलं व्हतं का आपण? सगळ्या गोदामासमोर म्हटलं. आता सगळ्या गल्लीसमोर चुकलं म्हणायचं. तुम्ही येताय माझ्याबरोबर. येत नसाल तर मला बी उद्यापासनं येऊ नको म्हणा." तिचा आवाज चिरकत होता, डोळ्यांतनं पाणी येत होतं, आणि त्या पाण्याचाही तिला राग येत होता. शेठनं मुकाट्यानं गाडीची किल्ली घेतली.

उचगावात शालूबाईच्या गल्लीत संध्याकाळी माणसं आपट्याचं सोनं वाटत फिरत होती. नव्या कपड्यांतली पोरं, दारात रांगोळ्या. शालूबाईच्या दारात शेठची गाडी थांबली तशी शेजारपाजार गोळा झाला. संयोगिता उंबऱ्याबाहेरच उभी राहिली आणि गोदामात बोलायची त्याच आवाजात बोलली, म्हणजे गल्लीच्या टोकापर्यंत पोचावं. "मावशी, तुम्ही चोरी केली न्हाय. टोळीत कुणीच केली न्हाय. केळीचे खुंट मी बांधले, चूक माझी. डबे उघडायला लावले ती त्याच्यापेक्षा मोठी चूक." शेठही काहीतरी पुटपुटला. तिनं आपट्याची पानं पुढं धरली.

शालूबाईनं ती घेतली. आपल्याकडची दोन पानं तिच्या हातावर ठेवली, दसऱ्याला करतात तसा तिच्या डोक्यावर हात ठेवून. मग म्हणाली, "येतो उद्या. टोळीत पाच जणींच्या घरात दुसरं कमावणारं न्हाय." आणि आत गेली. चहा घ्या म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी टोळी कामावर आली. ट्रॉल्या पळाल्या, आकडे जुळले, दिवाळीचा माल वेळेत गेला. गोदामात आता पूजेच्या दिवशी गेटला नुसतं कुंकू लावतात, आणि ते लावायला संयोगिता स्वतः उभी असते. शेठ टोळीकडं बघत नाही. बघितलंच तर ती त्याला भर गोदामात झापते. तिचा आवाज आहे तसाच आहे, ट्रकवाले अजून तिला टरकून असतात.

पण त्या दिवसापासनं एक झालंय. संध्याकाळी सुटीचा भोंगा झाला की शालूबाई तिच्या टेबलापाशी येते. कुणी सांगितलेलं नाही, कुणी विचारलेलं नाही. ती फडकं सोडते, डबा उघडते, एकेक कप्पा काढून टेबलावर मांडते आणि हात मागं घेऊन उभी राहते. संयोगितानं पहिल्या आठवड्यात गयावया केली, मग भांडली, एकदा तर डबा उचलून तिच्या पिशवीत कोंबला. शालूबाईनं तो शांतपणे बाहेर काढला आणि परत उघडला. त्यात भाजीचा ओशट वास असतो, एखादं भाताचं शीत असतं. जादा भाकरी आता त्या डब्यात येत नाही.

"बघितलंस न्हवं?" शालूबाई विचारते.

दिवसभर जिच्या आवाजानं गोदाम हलतं त्या बाईला तेव्हा मान वर करता येत नाही. "बघितलं मावशी," ती म्हणते, आणि शालूबाई झाकण लावून घरी जाते.